सिस्टीममध्ये संकष्टी नसते

वसईच्या एव्हरशाईन सिटीतल्या आमच्या बिल्डिंगीत मला दोन नावं होती. तोंडावर 'साठेकाकू' आणि पाठीमागे 'फीवाली'. मला पाठीमागचं जास्त आवडायचं. पहिलं नुसतं लग्नात मिळालेलं, दुसरं मी कमावलेलं.

माझा धंदा एका वाक्यात सांगते. लोकांनी आपल्या पैशाचं काय करावं हे मी त्यांना सांगत असे आणि सांगण्याचे पैसे घेत असे. पॉलिसी विकायची नाही, फंडाचे फॉर्म भरून कमिशन घ्यायचं नाही, कुणा बिल्डरकडून पाकीट घ्यायचं नाही. फी फक्त समोर बसलेल्या माणसाकडून. पहिल्या बैठकीचे पाचशे, आणि सगळे कागद बघून हाताने लिहिलेलं एक पान दिलं की दोन हजार. त्या पानावर मराठीत, ओळीने लिहिलेलं असायचं: आधी हे करा, मग ते करा, आणि हे अजिबात करू नका. शेवटच्या भागासाठीच खरं तर दोन हजार होते.

त्या काळात या कामाला ना नाव होतं ना परवाना. आता सरकारी नोंदणी लागते, परीक्षा असते, ते बरंच झालं. तोवर माझी साठी उलटली होती, मी दुकान बंद केलं.

ही फी लोकांच्या गळी उतरवणं म्हणजे काय दिव्य होतं, ते तेव्हाच्या माणसांनाच कळेल. नव्वदच्या दशकात एक रीत पडली होती. विमा एजंटाने पहिल्या हप्त्यावरच्या कमिशनातला वाटा गिऱ्हाइकाला गुपचूप परत द्यायचा. कायद्याला मंजूर नव्हतं, पण रीत ती रीत. कुणी रोख देई, कुणी कुकर. त्यामुळे माणूस माझ्या दारात आला की पहिला प्रश्न ठरलेला.

"काकू, तुम्ही किती परत देता?"

"मी काही देत नाही. तुम्ही मला द्यायचे."

"म्हणजे हे उलटंच की हो!"

"उलटं आजवर चाललं होतं, भाऊ. हे सुलट आहे."

मंत्रालयात नोकरी करणारे एक गृहस्थ एवढं बोलणं झाल्यावर चहा पिऊन, कप स्वतः आत नेऊन ठेवून गेले ते पुन्हा आले नाहीत. दोन महिन्यांनी त्यांची बायको आली, पाचशेची नोट पदराखालून काढून म्हणाली, "ह्यांना सांगू नका." असंही व्हायचं.

पण सगळ्यात नेमका प्रश्न मला पाचूबंदरच्या एका कोळणीने विचारला. पंधरा मिनिटं घासाघीस करून, लिलावात उभी असल्यासारखी, ती म्हणाली, "मावरं ताजं हाय का ते मी कल्ले उघडून बघते. तुझा सल्ला ताजा हाय का शिला, ते कसं बघायचं? आनि नुसत्या बोलन्याचे पाचशे?"

मी तिला सांगितलं तेच आज तुम्हालाही सांगते. सल्ला देणाऱ्याला एवढंच विचारायचं: तुला पैसे कोण देतं? मी 'हो' म्हटलं तर तुला जास्त मिळतात आणि 'नाही' म्हटलं तर कमी, असं आहे का? तो घुटमळला, पाणी प्यायला, विषय बदलायला लागला, की समजायचं कल्ले काळे पडलेत. ती हसली आणि पाचशे मोजले. वर म्हणाली, "पानी तरी पाजशील का त्यात?"

आता तुम्ही म्हणाल, ही बाई जन्मतःच एवढी साधू होती का? छे! मी स्वतः सात-आठ वर्षं एजंट होते. मॅट्रिक झालेली, पोस्टाच्या मासिक ठेवी गोळा करता करता विम्यात शिरले. सातिवलीच्या कारखान्यांतून जेवणाच्या सुट्टीत फिरायचे. तिथे लेथवर काम करणारा एक माणूस होता, दोन लहान मुलींचा बाप. मी त्याला दर पाच वर्षांनी थोडे पैसे परत मिळणारी पॉलिसी विकली. त्याला खरी गरज होती साध्या, मोठ्या रकमेच्या विम्याची, ज्यात काही परत मिळत नाही पण माणूस गेला तर घर उभं राहतं. त्या साध्या विम्यात मला कमिशन जवळजवळ काहीच नव्हतं. सही करताना त्याने विचारलं, "बाई, एवढा पुरेल ना?" मी म्हटलं, "पुरेल."

तो दोन वर्षांत गेला. पैसे वेळेवर मिळाले, चेक मीच नेऊन दिला. त्यातून त्या घराचं एक वर्षही निघालं नाही. त्याच्या बायकोने मला एका शब्दाने दुखवलं नाही, उलट चहा केला. मी घरी आले आणि एजन्सीचा राजीनामा लिहिला. 'पुरेल' हा शब्द त्यानंतर मी कुठल्याही गिऱ्हाइकाला आकडेमोड केल्याशिवाय बोलले नाही.

हे मुद्दाम सांगितलं. कारण पुढे जी हिराबाईंची गोष्ट सांगणार आहे, तिच्यात एक एजंट आहे, आणि त्याला तुम्ही लगेच चोर ठरवू नये अशी माझी इच्छा आहे.

हिराबाई पश्चिमेच्या वाडीपट्ट्यातल्या. रोज सकाळी आमच्या कॉलनीत फुलं, केळी, अळू घेऊन यायच्या. वय एकसष्ट, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, दोन मुलं, दोन सुना, एक मुलगी नालासोपाऱ्याला दिलेली. त्यांची घरची बोली इतकी गोड आणि इतकी वेगळी की मला ती लिहिता यायची नाही; म्हणून मी त्यांना माझ्या मराठीत बोलायला लावते आहे, वसईकरांनी माफ करावं.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. रस्त्याकडेचा वाडीचा एक तुकडा त्यांनी विकला. मुलांचे वाटे देऊन स्वतःच्या नावावर सात लाख राहिले. त्यांचं मागणं एकच होतं. अळूच्या जुड्या माझ्या पिशवीत टाकता टाकता म्हणाल्या, "बाय, मला श्रीमंत नाही व्हायचं. सुनेसमोर दहा रुपयांसाठी हात पसरायची पाळी येऊ नये, एवढंच बघ."

मी म्हटलं, "बघते. कागद घेऊन या. माझी फी..."

"फी?" त्यांनी टोपलीच खाली ठेवली. "सल्ल्याचे पैसे? आमच्याकडे भगतसुद्धा नारळावर भागवतो!"

"मग भगताला विचारा, तो व्याजाचा दर सांगेल."

हसल्या, टोपली उचलली आणि गेल्या. आठवड्याभराने आल्या त्या मिरवतच. त्यांच्या धाकट्या बहिणीचा मुलगा प्रकाश नुकताच एका विमा कंपनीचा एजंट झाला होता. त्याने पाच लाख एका झकास योजनेत घातले होते. "एकदाच भरायचे, मग विसरायचे. आणि बघ, फी तर सोडच, त्याने मला नवा मिक्सर दिला! तुझ्यासारखं नाही."

ज्याने विचारलं नाही त्याला सांगायचं नाही, हा या धंद्याचा नियम. चांगला नियम आहे, पण त्या दिवशी तो पाळायला नको होता, असं मला अजून वाटतं.

पुढे काही दिवसांनी, भर दुपारी, हिराबाई पुन्हा दारात. पिशवीत प्लास्टिकच्या फोल्डरात घातलेली पॉलिसी. कुरियरने आली तशी त्यांनी ती न वाचता देव्हाऱ्याखालच्या फळीवर ठेवली होती. देवाजवळचा कागद म्हणजे सुरक्षित, असा हिशेब.

"एक ओळ वाचून दे," म्हणाल्या. "वारस म्हणून पोरीचं नाव घातलंय ना, तेवढंच. एका ओळीचे पैसे लावू नकोस."

पोरीचं नाव बरोबर होतं. पण माझी नजर त्याच्या वर गेली. 'हप्ता: पाच लाख रुपये. पद्धत: वार्षिक. हप्ते भरण्याची मुदत: दहा वर्षे.'

मी तीनदा वाचलं. एकदाच नाही, दरवर्षी पाच लाख. पुढच्या वर्षी कुठून आणणार? नाही भरले तर पॉलिसी बंद पडणार, आणि पहिल्याच वर्षी खर्चापोटी लाखाच्या वर कापलेलं परत मिळणार नाही ते नाहीच. उरलेलंही तीन वर्षं अडकून पडणार. ती तीन वर्षं या बाईला सुनेपुढेच हात पसरायचा होता.

मी त्यांना तसंच सांगितलं, गोडधोड न करता. त्या खुर्चीवरून उठून जमिनीवर बसल्या. म्हणाल्या, "प्रकाशने मला फसवलं?"

"ते नंतर बघू. पाकीट घरी कधी आलं?"

या प्रश्नात सगळं होतं. कारण पॉलिसी हातात पडल्यापासून पंधरा दिवसांत ती परत करता येते आणि किरकोळ कापून पैसे मिळतात. हा हक्क कागदावर छापलेला असतो, अगदी आत, बारीक अक्षरात.

"संकष्टीला," हिराबाई ताडकन बोलल्या. "उपास होता. कुरियरवाल्याला चहा दिला, पण बरोबर खायला काय देऊ? घरात साबुदाणा भिजत होता."

मी भिंतीवरच्या कॅलेंडरापाशी गेले. वद्य चतुर्थी ते शुद्ध चतुर्थी. उद्या विनायकी होती. संकष्टीचा दिवस धरून मोजलं तर पंधरावा दिवस आज. सोडून मोजलं तर उद्या. कंपनी कसं मोजेल, देव जाणे.

"उठा," मी म्हटलं. "आज जायचं."

जागच्या जागी अर्ज लिहिला, चार ओळींचा. हिराबाईंनी सही केली. सही करायला त्यांना वेळ लागायचा, एकेक अक्षर जोंधळ्याच्या दाण्यासारखं सुटं. रिक्षा करून आम्ही स्टेशनजवळच्या शाखेत पोचलो तेव्हा सव्वादोन झाले होते. साडेतीनला खिडकी बंद.

खिडकीवर एक तरुण मुलगी होती. तिने कॉम्प्युटरात बघितलं. "आजी, उशीर झाला. पॉलिसी पाठवून अठरा दिवस झालेत."

"पाठवून झाले असतील," मी म्हटलं. "दिवस मिळाल्यापासून मोजायचे. मिळाली कधी ते बघा."

"ते माझ्याकडे दिसत नाही."

"संकष्टीला मिळाली!" हिराबाई खिडकीत डोकं घालून म्हणाल्या.

ती पोरगी अगदी मनापासून म्हणाली, "आजी, सिस्टीममध्ये संकष्टी नसते हो."

आणि वर म्हणाली, एजंटला बोलावते, तो समजावेल. तिने फोन फिरवला.

सिस्टीममध्ये संकष्टी नसते म्हटल्यावर हिराबाई मात्र जाग्या झाल्यासारख्या झाल्या. "मी सही केली होती," त्या मला म्हणाल्या. "कुरियरवाल्याच्या कागदावर. माझी सही म्हणजे त्याला दोन मिनिटं थांबावं लागलं. विसरला नसेल."

कुरियरचं ऑफिस मागच्याच गल्लीत होतं, झेरॉक्सच्या दुकानाला लागून. मालकाने गठ्ठा काढला, अंगठा जिभेला लावून कागद उलटले, आणि त्या भराभरा ओढलेल्या सह्यांच्या रांगेत एक सही दिसली. जोंधळ्याच्या दाण्यांची. शेजारी तारीख. मालकाने ती कॅलेंडरवर लावून पाहिली आणि म्हणाला, "बरोबर, संकष्टीच. त्या दिवशी माझाही उपास होता." झेरॉक्सचे दोन रुपये हिराबाईंनी स्वतः दिले. मला देऊ दिले नाहीत.

परत शाखेत आलो तर दारात मोटारसायकल लावून प्रकाश उभा. सव्वीस-सत्तावीसचा, गळ्यात टाय, कपाळावर घाम.

"मावशी, हे काय करतेस? या महिन्यातली माझी सगळ्यात मोठी पॉलिसी आहे ही. साहेब मला उभं करणार नाहीत." मग माझ्याकडे वळला. "आणि काकू, तुम्हाला दुसऱ्या कंपनीकडून किती सुटतं?"

"काही नाही."

"मग मावशीकडून?"

"अजून काही नाही. तिने मला एका ओळीचे पैसे लावू नको म्हणून बजावलंय."

तो गोंधळला. मी पॉलिसी त्याच्यासमोर धरली आणि 'वार्षिक' या शब्दावर बोट ठेवलं. "हे तिला सांगितलंस?"

त्याने तो शब्द पुन्हा वाचला. खरं सांगते, मला त्याच्या चेहऱ्यावर लबाडी शोधायची होती, म्हणजे रागावणं सोपं गेलं असतं. ती नव्हती. "ट्रेनिंगला सांगितलं की फॉर्म असाच भरायचा," तो म्हणाला. "साहेब म्हणाले, पुढचे हप्ते बघू, मुलं भरतील. एकरकमीला कमिशन फार कमी आहे ना. मला वाटलं... होईल."

मी आयुष्यात एकदा 'पुरेल' म्हटलं होतं. हा 'होईल' म्हणत होता. मला त्याच्यावर आवाज चढवता येईना.

घड्याळात तीन वाजून गेले होते. हिराबाई आमच्या दोघांच्या मधे उभ्या होत्या. बहिणीचा मुलगा, अंगाखांद्यावर खेळवलेला, भर रस्त्यात रडवेला झालेला. पैसा कुठे ठेवायचा हे मी सांगू शकते. भाच्याला दुखवायचं की नाही, ते माझ्या पानावर लिहिलेलं नसतं.

"प्रकाश," त्या म्हणाल्या, "तुझी आई महिनाभर माझ्याशी बोलणार नाही. मला ठाऊक आहे. पण पाच लाख गेले, तर मला माझ्याच घरात तोंड उघडता येणार नाही. ते महिन्याचं नाही, जन्माचं होईल." आणि पायरी चढता चढता वळून, "मिक्सर उद्या घेऊन जा. धुऊन ठेवते."

खिडकीवरच्या मुलीने झेरॉक्स बघितली, आत जाऊन साहेबांना विचारून आली, आणि अर्जावर शिक्का मारला. तारीख, वेळ, सही. पोचपावती हिराबाईंनी पदरात गुंडाळली. मी म्हटलं, ही मात्र देव्हाऱ्याखाली ठेवायची नाही, माझ्याकडे झेरॉक्स द्यायची.

रिक्षात बसल्यावर पाच मिनिटांनी म्हणाल्या, "तुझे किती झाले?"

"दोन हजार. सगळं पान लिहून देईन त्यात."

"हजार."

"दोन."

"दीड हजार, आणि केळीचा घड."

"केळी मी रोज तुमच्याकडून विकतच घेते, हिराबाई. दोन हजार."

"कठीण बाई आहेस तू," म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी रुमालात बांधलेले दोन हजार घेऊन आल्या. मी पावती दिली. काही लोकांना वाटतं, अशा वेळी पैसे घ्यायला नको होते. मला तसं कधीच वाटलं नाही. त्या दिवसानंतर हिराबाई मला कितीही वेळा, काहीही विचारायच्या, आणि उपकार मागतोय असं त्यांना वाटायचं नाही. फुकट सल्ल्याची हीच तर गंमत असते, घेणाऱ्याला दुसऱ्यांदा विचारायची लाज वाटते.

महिन्याभरात चेक आला, थोडे रुपये कापून. ते का कापले यावर हिराबाईंनी मला अर्धा तास धारेवर धरलं. मग आम्ही बसून पान लिहिलं. मोठा भाग पोस्टातल्या ज्येष्ठांच्या योजनेत, व्याज थेट त्यांच्या खात्यात. थोडे बँकेत, अडीअडचणीला. आणि तिसरी ओळ: आजारपणाचा विमा, लगेच.

ही तिसरी ओळ वाचून त्या थांबल्या. बहीण खरोखरच बोलत नव्हती. महिना उलटून दुसरा लागला होता, वाडीतल्या एका बारशाला दोघी दोन कोपऱ्यांत बसल्या होत्या.

"हा विमा कुणाकडूनही घेतला तर चालतो?"

"चालतो. दर तोच पडेल."

"प्रकाशकडून घेतला तर?"

"त्याला थोडं कमिशन मिळेल. हक्काचं. तुमचं काही जास्त जाणार नाही."

"मग त्याला बोलाव," त्या म्हणाल्या. "मी बोलावलं तर येणार नाही. आणि तू समोर बस."

प्रकाश आला तो आईला मागे बसवूनच. हिराबाईंच्या ओटीवर आम्ही चौघं. दोघी बहिणी एकमेकींकडे न बघता सुपारी कातरत होत्या. प्रकाशने फॉर्म काढला आणि कुणी न सांगता पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायला लागला. नाव. वय. पत्ता. प्रत्येक ओळ वाचायची, मावशीला विचारायचं, मग लिहायचं. आजारांच्या यादीपर्यंत आला.

"रक्तदाब?"

"नाही."

"शुगर?"

"नाही," हिराबाई म्हणाल्या. "नाही म्हणून लिही."

मी तोंड उघडणार होते. कारण मला माहीत होतं, साखरेची गोळी त्या रोज घ्यायच्या. पण खरं लिहिलं तर कंपनी हप्ता वाढवणार, कदाचित नाकारणारसुद्धा. मग प्रकाशच्या हाती काहीच लागणार नाही.

त्याने पेन खाली ठेवलं. "मावशी, आहे तुला शुगर. आई तुझ्या गोळ्या आणून द्यायची, मला ठाऊक आहे."

"लिहू नकोस रे. महाग पडेल."

"पडू दे. आज खोटं लिहिलं, तर उद्या तू दवाखान्यात पडशील तेव्हा एक पैसा मिळणार नाही." आणि त्याने रकान्यात 'होय' लिहिलं, दोनदा गिरवून.

त्याच्या आईने अडकित्ता बाजूला ठेवला. "गोळी घेतलीस का आज?" तिने बहिणीला विचारलं.

"घेते गं," हिराबाई म्हणाल्या, आणि पाणी आणायला दोघीही उठल्या.